‘सनपॅकचं विमान मरत नाही’ म्हणे!

आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘सोलापूरच्या पोरांनो, बाल्सावर (विमानाच्या हलक्या लाकडावर) पैसे घालवू नका. जाहिरातीचे जुने सनपॅक बोर्ड फुकट मिळतात, त्यातून रिमोटचं विमान कापा. आपटलं तरी मोडत नाही. प्लॅस्टिक शेकडो वर्षं कुजत नाही, त्यामुळे विमान 10 वर्षं आरामात जातं. जितकी जाड शीट तितकं टिकाऊ. बिजागरीसुद्धा विकत घ्यायला नको. फेव्हिक्विकनं जोडा आणि होटगी रोडच्या मोकळ्या रानात उडवा.’

मेसेजमागचा हेतू चांगला आहे, आणि सनपॅकच्या, म्हणजे आतून नळ्या असलेल्या पोकळ प्लॅस्टिक शीटच्या, विमानांचा मीही भक्त आहे. पण या ओळींमध्ये खरं, अर्धवट खरं आणि साफ खोटं असं सगळं एकत्र कालवलेलं आहे.

‘आपटलं तरी मोडत नाही.’ शीट मोडत नाही, हे मान्य. पण विमान म्हणजे नुसती शीट नव्हे. बाल्साचं किंवा थर्माकोलचं नाक जमिनीवर आदळलं की चुरडतं, आणि चुरडताना धक्क्याचा मोठा वाटा गिळून टाकतं. सनपॅक चिवट असते, ती चुरडत नाही. धक्का तसाच आत जातो. मग सर्वोतले (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरमधले) प्लॅस्टिकचे दाते उडतात, मोटरचा शाफ्ट वाकतो, फायरवॉलचं, म्हणजे मोटर बसवलेल्या पुढच्या फळीचं, प्लाय स्क्रूसकट उपटतं. बाहेरून मात्र विमान धडधाकट दिसतं, म्हणून लगेच पुन्हा हवेत सोडलं जातं आणि दोन दाते गेलेला सर्वो नेमका वळणावर दगा देतो. त्याहून वाईट म्हणजे लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. तिला पोचा आला असेल किंवा ती फुगली असेल, तर ती चार्जिंगला लावायची नाही. पेट घेऊ शकते.

शीटलाही मर्यादा आहेच. आतल्या नळ्यांना आडवी घडी पडली की तिथे पांढरी रेघ उमटते आणि त्या रेषेवर पंखाचा ताठरपणा कायमचा जातो. हातानं सरळ करता येतं, पण पुढच्या गिरकीला पंख तिथेच दुमडतो. उपाय सोपा आहे: घडीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जाईल अशी बांबूची काडी किंवा कार्बन रॉड नळीत सरकवायची. ज्वारी काढलेल्या रानात धसकटांवर विमान उतरवलं, तर खालच्या पापुद्र्याला भोकं पडतात ती वेगळीच.

आता मुख्य मुद्दा. ‘प्लॅस्टिक शेकडो वर्षं कुजत नाही, त्यामुळे विमान 10 वर्षं जातं.’ न कुजणं आणि मजबूत राहणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. याच प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून सिमेंटची आणि खताची पोती होतात. असं रिकामं पोतं गच्चीवर टाकून ठेवा आणि एक उन्हाळा गेल्यावर उचलून बघा. हातात भुगा येतो. ते पोतं कुजलेलं नसतं, तो भुगा खरोखरच शेकडो वर्षं मातीत राहील. पोत्याची ताकद तेवढी गेलेली असते.

कारण रसायनात आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या लांबलचक साखळीत एक कार्बन सोडून एका कार्बनवरचा हायड्रोजन सैलसर बसलेला असतो. अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तिथे घाव घालतात, साखळ्या तुटून आखूड होतात आणि चिवट माल ठिसूळ होतो. उष्णता वाढली की हे आणखी वेगानं होतं. बाहेर वापरायच्या मालात यूव्ही स्टॅबिलायझर घालतात, काळ्या मालातला कार्बन ब्लॅकही चांगलं संरक्षण देतो. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या दुधी शीटमध्ये असं काही घातलेलं असेलच याची खात्री धरू नका. आणि आपलं गाव कुठलं? मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी जिथे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते ते, पारा 40 च्या वर हटून बसतो ते.

तरीही उडवल्यामुळे विमान उन्हानं मरत नाही. आठवड्याला तासभर उडवलं तर वर्षाचे 52 तास ऊन. तेच विमान ‘शोभा म्हणून’ दक्षिणेच्या बाल्कनीत टांगलं आणि रोज 5 तास ऊन लागलं, तर वर्षाला 1825 तास, म्हणजे पस्तीस पट. कोणी 10 वर्षं जुनं सनपॅकचं विमान दाखवलं तर कितीदा आपटलं हे विचारू नका, कुठे ठेवलं होतं ते विचारा. कपाटावर, पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं असणार. (आणि त्यातला मूळचा पंख किती वेळा बदलला, हेही विचारा.)

उन्हात उभी केलेली गाडी हा दुसरा मारेकरी. एप्रिलमध्ये बंद काचांच्या आत मागच्या फळीवर सहज 60–70 अंश तापमान होतं. शीट वितळायला 160 च्या आसपास लागतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण या तापमानाला तिचा ताठरपणा निम्म्यावर येतो, आणि वर टूलबॉक्सचं वजन असेल तर पंखाला कायमचा बाक येतो. ग्लू गनचा गोंद त्याच सुमारास मऊ पडतो. शिवाय तापल्यावर शीट लाकडापेक्षा फार जास्त पसरते: मीटरभर पंख 40 अंशांनी तापला की 4 ते 6 मिलिमीटर लांब होतो, त्यातली लाकडी पट्टी जवळपास तेवढीच राहते. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली असेल तर पंख पिळवटणारच. ही पट्टी, म्हणजे स्पार, मध्यभागी पक्की करावी, टोकांना मोकळी सोडावी.

आता फुकटचे बोर्ड. वरचं सगळं वाचल्यावर वेगळं सांगायला नको: विजेच्या खांबावर वर्षभर ऊन खाल्लेला क्लासचा बोर्ड म्हणजे अर्धं आयुष्य जगून झालेला माल. सगळेच टाकाऊ नसतात. बोटानं घासून बघा, पांढरी भुकटी लागली तर सोडून द्या. भुकटी नसेल तर कोपरा पूर्ण दुमडून दाबा. नुसती पांढरी रेघ पडली तर चालेल, कट्कन तडा गेला तर नाही. दोन्ही बाजूंना करून बघा, कारण छापील बाजूला शाईचा थोडा आडोसा मिळालेला असतो. खरं तर फ्लेक्स-छपाईवाल्यांकडे कोऱ्या शीटचे कटपीस पडलेले असतात, ते मागावेत. आणि खांबावरचा बोर्ड स्वतः चढून काढू नका, एवढं तरी ऐका.

‘जितकी जाड तितकं टिकाऊ’ हा दावा तर उलटाच आहे. टॉवेलच्या गावाला जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) समजावून सांगायला नको. 120 सेंटिमीटर लांब आणि 25 रुंद पंखाला खालीवर मिळून 0.6 चौरस मीटर शीट लागते. 800 जीएसएमची 4 मिलिमीटर शीट घेतली तर नुसता पंख 480 ग्रॅमचा. 300 जीएसएमची 2 मिलिमीटर घेतली तर 180 ग्रॅम. तेवढ्याच पंखावर विमानाचं एकूण वजन दुप्पट झालं, तर हवेत टिकायला वेग 1.4 पट लागतो, म्हणजे आदळतानाची ऊर्जा चौपट. जाडी वाढवून आपण विमान मजबूत करत नाही, अपघात मोठा करतो. पंख-शेपटीला 2 मिलिमीटर, मोटरमागच्या धडाला 4, यात बहुतेकांचं भागतं.

फेव्हिक्विक? नाही. पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरत नाही, साधा रंगही धरत नाही. आज पक्का वाटलेला सांधा उद्या नखानं निघतो. पृष्ठभाग पॉलिशपेपरनं खरवडून ग्लू गन चालते, तीही आधारापुरती. भार पडतो तिथे स्क्रू, वॉशर आणि झिप टाय. शोभेसाठी व्हिनाइल स्टिकर.

बिजागरीचं मात्र मेसेजवाल्यानं अगदी बरोबर सांगितलंय. एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) रेषेवर नळीचा एकच पापुद्रा ब्लेडनं कापायचा आणि दुसरा शाबूत ठेवायचा, की झाली बिजागरी. वारंवार वाकूनही न थकणं हा पॉलिप्रॉपिलीनचा खास गुण आहे; सॉसच्या बाटलीचं जोडझाकण त्याच भरवशावर चालतं. फक्त हा पापुद्रा विमानातला सगळ्यांत पातळ भाग, त्यामुळे ऊन लागलं की पहिला बळी त्याचाच. उडवण्याआधी एलेरॉन ओढून बघण्याची सवय लावा.

होटगी रोड तर विसराच. 2025 च्या जूनपासून तिथल्या विमानतळावरून गोव्याचं प्रवासी विमान सुरू झालंय. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आतलं आकाश ग्रीन झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात) येत नाही, आणि 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच ग्रीन झोन आहे. जुळे सोलापूर आणि विजापूर रोडवाल्यांनीही आधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघावा.

राहिलं बाल्सा. तेलाचं इंजिन असेल तर सनपॅक सरस, यात वाद नाही: सायलेन्सरमधून उडणारं तेल बाल्सात मुरतं आणि सांधे सुटतात, सनपॅक फडक्यानं पुसली की झालं. नवशिक्याच्या हाती द्यायलाही सनपॅकच. पण दुपारी रानावर घारी पंख न हलवता वर चढतात, त्या गरम हवेवर मोटर बंद करून तरंगणारं ग्लायडर करायचं असेल, तर बाल्सा किंवा फोमवर पैसे घालवावेच लागतील. सनपॅकचं वजन त्या कामाला परवडत नाही.