पान नंबर सात

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, मेसवाल्या काकूंनी पोह्यांच्या नावाखाली कालच्या भाताला फोडणी दिली होती आणि माझ्या उजव्या चपलेचा अंगठा नारायण पेठेतल्या एका खड्ड्यात राहिला. एवढं सगळं मी माफ केलंय. पान नंबर सातचं प्रकरण मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

तर, पर्यावरणाचा प्रोजेक्ट. विषय ‘मुठा नदी : काल आणि आज’. विषय मी निवडला नव्हता, सीनियरकडून आलेल्या पीडीएफमध्ये तोच होता. कव्हर तेवढं मोबाइलवर नव्याने टाइप करायचं, चाळीस पानांची प्रिंट काढायची, स्पायरल मारायचं आणि बाराच्या आत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. एसवाय बीकॉमला याला अभ्यास म्हणतात.

झेरॉक्सच्या दुकानात रांग. अकरा वाजता कसाबसा माझा नंबर लागला, तेवढ्यात मागून खांद्यावर छत्रीची मूठ टेकली.

“बाळ, माझं एकच पान आहे. आधार कार्ड. पुढून-मागून.”

मी बाजूला झालो. मोठ्यांना आधी जाऊ द्यावं असं आई सांगते. आई बार्शीत राहते. नारायण पेठेतल्या मोठ्यांशी तिचा संबंध आलेला नाही.

आजोबांचं काम अर्ध्या मिनिटात झालं. त्यांनी झेरॉक्सची घडी घातली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. आणि गेले नाहीत. बाहेर पाऊस होता. माझी पानं मशीनमधून गरमागरम बाहेर पडून काउंटरवर साठत होती. त्यातली वरची चार त्यांनी सरळ उचलली आणि सलूनमधला पेपर वाचावा तशी वाचायला घेतली.

“‘नदि’?”

“काय झालं, आजोबा?”

“नदीची दी दीर्घ. आखूड असेल तर तिला ओढा म्हणतात.”

रांग हसली. झेरॉक्सवाले काका, ज्यांनी मला दोन वर्षांत “सुट्टे द्या” याखेरीज एक शब्द ऐकवलेला नाही, तेही हसले.

“आणि पानशेत धरण मुठेवर आहे, हे कुणी सांगितलं तुला?”

“नाहीये?”

“अंबीवर. पानशेत अंबीवर, वरसगाव मोसेवर, खडकवासला मुठेवर. तू पाणी कुठलं पितोस?”

“मेसचं.”

आजोबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आजोबांकडे पाहिलं. त्या नजरेत अख्ख्या सोलापूर जिल्ह्याचा निकाल लागला.

मग आलं पान नंबर सात. त्यावर छापलं होतं : ‘१३ जुलै १९६१ रोजी पानशेतचा पूर आला.’

“बारा,” आजोबा म्हणाले.

“आजोबा, एका दिवसाने असं काय–”

“बारा तारखेला सकाळी धरण फुटलं. आदल्या रात्रभर जवान भिंतीवर वाळूची पोती रचत होते. तेरा तारखेला मी आठ वर्षांचा पोरगा गुडघाभर चिखलात आईचं शिलाई मशीन शोधत होतो. तेरा तारखेला पूर नव्हता. तेराला चिखल होता.”

दुकान क्षणभर गप्प झालं. मलाही आत काहीतरी हललं, खोटं कशाला बोला. तेवढ्यात त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

“अहो, ही फायनल प्रिंट आहे!”

“म्हणूनच.”

तेराचे बारा केले. ‘दि’ला दीर्घ वेलांटी दिली. समासात मोत्यासारख्या अक्षरात ‘पुन्हा लिहा’ असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. सवय. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होते म्हणे.

“आजोबा, त्या पानाचे दोन रुपये?”

“ते तू दे. चूक तुझी आहे.”

काकांनी तोवर पुढच्याची फाइल उघडली होती. सातवं पान परत हवं तर परत रांगेत उभा राहा म्हणाले. पावणेबारा झाले होते. होतं तसं स्पायरल मारून घेतलं आणि पळालो, तर खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, तोंडावर बॅरिकेड. जिच्यावर चाळीस पानं लिहिली (बरं, छापली), तिनेच वाट अडवली. झेड ब्रिजवरून एक चप्पल पायात, एक हातात. बारा वाजून बारा मिनिटं.

उशिराबद्दल सर काही बोलले नाहीत. त्यांनी अंगठ्याने फाइल फर्रकन सोडली, आणि चाळीस पानांतून नेमकं सातवं उघडलं.

“ही तर तपासलेली फाइल आहे. गेल्या वर्षीची कव्हर बदलून आणलीस?”

आता काय बोलणार? फाइल गेल्या वर्षीचीच होती, कव्हरही मीच बदललं होतं. फक्त ज्या पुराव्यावर मला पकडलं तो पुरावा खोटा होता.

“नाही सर, ते झेरॉक्सच्या दुकानात एका आजोबांनी...”

“चारपर्यंत कोरी कॉपी आण.”

१९९१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा. न्यायमूर्तींच्या मनात काहीतरी उदात्त असणार. पण ते दिल्लीहून निघून आमच्या वर्गात पोचेस्तोवर त्याचं स्पायरल बाइंडिंग झालं. तो तेरा जुलै किती बॅचेस पास होऊन गेलाय कोण जाणे. सर रागावले ते चूक सापडली म्हणून नाही, ती आधी कुणीतरी शोधली म्हणून. गेल्या वर्षी कॉलेजच्या मागच्या गेटवर मला ‘घनकचरा व्यवस्थापन’मध्ये बांधलेली भेळ मिळाली होती, कुणाच्या तरी पान नंबर अठरात. प्रिंटचे ऐंशी, स्पायरलचे चाळीस. एवढ्यात माझी दोन वेळची मेस होते. आणि वाचणारा अख्ख्या पुण्यात एकच निघाला, तोही आधार कार्डाच्या झेरॉक्सला आलेला.

दुकानाच्या पायरीवर बसून अंगठ्याने सातवं पान नव्याने टाइप केलं. नदी दीर्घ, अंबी, बारा. दोनदा तपासलं. आजोबांचं सगळं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

रात्री एफवायच्या एका पोराचा मेसेज आला, “दादा, पर्यावरणाची पीडीएफ आहे का?”

जुनीच पाठवली.