रहस्यकथा वाचून विस्कॉन्सिनला निघालात? आधी भिंती बघा

कॅथलीन अर्न्स्ट यांच्या क्लोई एलेफसन रहस्यकथा वाचून कुणी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ईगल गावचं 'ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन' (स्थलांतरितांची जुनी घरं मूळ जागेवरून आणून पुन्हा उभारलेलं खुलं संग्रहालय) बघायला निघालं, तर एकच सांगणं: खून कुठे झाला ते शोधत हिंडू नका. लेखिका स्वतः इथे क्युरेटर होत्या, नायिकाही क्युरेटरच. कथानकांचं बीज या घरांच्या बांधणीत आहे.

सगळ्यात आधी शुल्झ कुटुंबाचं घर गाठा. पोमेरेनियातून आलेल्या जर्मनांनी 1856 साली बांधलेलं. लाकडी सांगाडा, खाचेत कुसू (लाकडाचं कोरलेलं टोक) बसवून लाकडी खुंट्यांनी आवळलेला. मधल्या चौकटीत काठ्या, पेंढा आणि चिखल. कोकणातली कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मात्र तिथली थंडी या भिंतींच्या मुळावर उठते. लाकूड सुकून आकसतं, चिखलाशी फट पडते, फटीत पाणी शिरून गोठतं आणि फुगतं. दोन-चार हिवाळ्यांत माती सुटते. म्हणून अशा घरांवर पुढच्या मालकांनी बाहेरून फळ्या ठोकल्या, आणि सांगाडे टिकले ते बऱ्याचदा त्या 'विद्रूप' फळ्यांमुळेच!

दुरुस्तीत सर्वांत मोठा घात सिमेंट करतं. ते ओल आत कोंडतं, मग जोत्यावरची आडवी तुळई कुजते. गिलावा चुन्याचाच हवा. (आपल्याकडच्या वाड्यांना सिमेंट फासणाऱ्यांनीही हे वाचावं.)

आत मधोमध 'काळं स्वयंपाकघर' आहे. ही खोली म्हणजेच धुराडं: खाली चूल, वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती, तिथेच मांस टांगून धुरवायचं. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत तिथे थांबा.

घर हलवताना प्रत्येक तुळईवर क्रमांक घालून, नकाशे काढून सांगाडा सोडवता येतो. चिखल हलवता येत नाही, तो नव्याने भरावा लागतो. शिवाय पुनर्बांधणीसाठी एक साल ठरवावं लागतं. शुल्झ घरासाठी ते 1860. म्हणजे त्यानंतरच्या माणसांच्या खुणा मुद्दाम पुसल्या जातात. मला ही पद्धत फारशी पटत नाही. निदान एका कोपऱ्यात तरी नंतरचे थर राखायला हवेत.

वेळ उरला तर क्रूझा या पोलिश कुटुंबाचं 1884 चं घर चुकवू नका. सरपणाचे ओंडके आडवे रचून, चुन्यात बसवून केलेल्या भिंती, आणि एकाच छपराखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात कोंबड्या.