ठासणीत काडतुसाची पावडर घालू नका रे बाबांनो

गेल्या रविवारी देवगडला मामाकडे गेलो तर मामा पडवीत बसून ब्लेडने बारा बोरचं काडतूस कापत होता. खाली जुन्या कॅलेंडरचं पान, त्यावर राखाडी चपटे कण सांडलेले, आणि बाजूला आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडातून दारू घालून गजाने ठासायची, इलेक्शनला जमा केलेली ती नुकतीच परत आलेली. विचारलं हे काय, तर म्हणतो, "अरे काळी दारू गावणा नाय, म्हणान ह्या घालून बघतंय. मोबाईलार इलां हा."

मोबाईलवर जे 'इलां' ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आलं असणार. काळी दारू (गंधक, सोरा, कोळशाची बंदुकीची जुनी दारू) जुनाट झाली, काडतुसाची पावडर निम्म्या मापाने घाला, जोर दुप्पट, धूर शून्य, साफसफाईची कटकट नाही. ती नसेल तर फटाक्याची दारू. दारू जितकी बारीक तितकी भारी. नळीला पाणी लावू नका. आणि शेवटी नेहमीचं, अमेरिकेत सगळे असंच करतात. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने आयुष्यात ठासणीची बंदूक खांद्याला लावली नसणार, लावली असती तर हे लिहायला बोटं शिल्लक राहिली नसती.

"धूर येत नाही" हे तो कौतुकाने सांगतोय ना, तिथेच सगळी गोम आहे. धूर म्हणजे काय, तर जळून उरलेला घन कचरा. १८७५ साली नोबल आणि एबल या दोन ब्रिटिश संशोधकांनी बंद भांड्यात काळी दारू जाळून मोजमाप केलं, तर वजनाच्या जवळपास ४३ टक्केच गॅस निघाला, बाकी ५५-५६ टक्के क्षार वगैरे घन पदार्थ. म्हणजे काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त माल ढकलायच्या कामाचाच नाही, तो धूर होतो नाहीतर नळीला चिकटतो. काडतुसातली बिनधुराची पावडर नायट्रोसेल्युलोज या रसायनाची, ती जवळजवळ सगळी गॅस होते, आणि कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती अजून वेगाने जळते, की दाब अजून वाढतो. काळ्या दारूचं जळणं दाबाने एवढं बेफाम होत नाही, म्हणून तर जुन्या नळ्या टिकल्या. मजा बघा, यातल्याच एबलने पुढे १८८९ मध्ये ड्यूअर या शास्त्रज्ञाबरोबर कॉर्डाइट नावाची बिनधुराची पावडर काढली, आणि ती वापरल्यावर इंग्रजांच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीतल्या आट्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) इतक्या भराभर झिजल्या की १८९५ मध्ये नव्या आट्यांची ली-एनफिल्ड आणावी लागली. सरकारी कारखान्यातल्या नव्याकोऱ्या पोलादाची ही गत, आणि आपण तीच जात आजोबांच्या गंजलेल्या नळीत ठासणार!

"निम्मं माप" हा तर शुद्ध गाढवपणा. काळी दारू मापाने, म्हणजे आकारमानाने घालतात. बिनधुराची पावडर वजनावर तोलतात, आणि प्रत्येक पावडरचा जळायचा वेग वेगळा. त्यामुळे निम्मं काय नि पाव काय, सुरक्षित असं मापच नाही. आणि फुटलं तर काय उडतं? घोड्याखालची, ठिणगीची टोपी बसवायची निप्पल नाहीतर नळीच्या बुडाचा प्लग, दोन्ही डोळ्यापासून वीतभर अंतरावर. "आमच्याकडे एकाने असा बार उडवला, काय झालं नाही" असं सांगणारे भेटतात. झालं नसेल, पण नळी आतून चिरली असेल तर पुढच्या बाराला कळेल.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. सॅव्हेज कंपनीने १०एमएल नावाची ठासणीची रायफल मुद्दाम बिनधुराच्या पावडरसाठी बनवली होती. ती आजच्या पोलादाची, त्याच कामासाठी घडवलेली. पण परदेशात जुन्या बंदुकांच्या ज्या नकला विकतात त्यांच्या नळीवर चक्क "ब्लॅक पावडर ओन्ली" कोरलेलं असतं. तिकडे काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स वगैरे पर्याय वापरतात, ते काळ्या दारूच्याच मापाने घालायला बनवलेत, त्यांचा काडतुसाच्या पावडरशी संबंध नाही.

फटाक्याच्या दारूवर जास्त लिहित नाही. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड असते, ती आवाजासाठी फुटायलाच बनवलेली, घासली तरी पेटू शकते. गजाने ठासताना हातातच.

बारीक दारू लवकर जळते हे खरं. म्हणून तर बाजारात २एफ, ३एफ, ४एफ असे दाणे येतात, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. मोठ्या बोरला, म्हणजे नळीच्या मोठ्या भोकाला २एफ, साधारण पॉइंट ४५ इंचापर्यंतच्या बारीक बोरला ३एफ, आणि ४एफ ती चकमकीच्या बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या बाहेरच्या वाटीत घालायची, टोपीवाल्या बंदुकीला तिची गरजच नाही. पण खलून पीठ करायचं हे कुठून काढलं? दाण्यांमधल्या फटींतून जाळ पळतो, पीठ केलं की ते दाबून बसतं आणि प्रत्येक बार वेगळा.

पाण्याचं तर उलटंच आहे. तो कचरा क्षारांचा, तो पाण्यातच विरघळतो, रॉकेलने नुसता पसरतो. गरम पाणी, साबण, मग सुकवून तेल, आणि त्याच दिवशी, कारण आपल्या खाऱ्या हवेत नळी गंजायला एक रात्र पुरते.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजवाल्याची खरी, दारू मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात शेती राखायला ठासणीच्या बंदुकीचा चक्क नाव घेऊन उल्लेख आहे, परवाना मिळतो, पण त्यात घालायला काय हे विचारलं की या टेबलावरून त्या टेबलावर. मामा तीन फेऱ्या मारून आलाय. तिकडे डुकरांनी भाताचा एक कोपरा लोळवून ठेवलाय.

मी हे सगळं सांगितलं. मामाने कॅलेंडरचं पान गुंडाळून बाजूला ठेवलं, बंदूक उचलून आत नेली. बाहेर येऊन म्हणतो, "बरां. मगे डुकरांका काय सांगू, दारू येयसर थांबा म्हणान?"