घरात फोन आहे, पण तो कुणाच्या खिशात?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. आमच्या जुन्या सिस्टर लोकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, नणंदेकडून आणि भाच्याकडून. मजकूर थोडक्यात असा: मुंबईत आता प्रत्येक बाईच्या हातात मोबाईल आहे. गरोदर बाईला फोनवर सगळी माहिती मिळते आणि त्यामुळे माता व बाळांचे मृत्यू कमी होतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय. एआय तर धोका आधीच ओळखतं. मुंबईत पावलापावलावर दवाखाने आहेत, कमी आहे ती फक्त माहितीची. तेव्हा दारोदार हिंडणाऱ्या आरोग्य सेविकांवर पैसा घालवण्यापेक्षा एक चांगलं ॲप काढा.

मी महापालिकेच्या प्रसूतिगृहांत अठ्ठावीस वर्षं परिचारिका होते, बहुतेक काळ पूर्व उपनगरांत. निवृत्तीनंतरही वस्तीत जाणं सुटलेलं नाही. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्याचा शेवटचा मुद्दा कुणा अधिकाऱ्याने मनावर घेतला तर त्याची किंमत बायका मोजतील. म्हणून एकेक मुद्दा घेते.

प्रत्येक बाईच्या हातात मोबाईल आहे, हे आधी बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५४ टक्के बायकांनी सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा फोन आपल्याकडे आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे नव्हता. त्यानंतर फोन वाढले असतील, मुंबईत जास्तच असतील, हे मान्य. पण घरात फोन असणं आणि बाईच्या हातात असणं यात फरक आहे. मानखुर्दला एका खोलीत गेले होते. बाईला सातवा महिना. कार्डावर नंबर होता तो नवऱ्याचा, आणि नवरा सकाळी सातला रिक्षा घेऊन बाहेर. गरोदरपणाची माहिती सांगणारा फोन यायचा अकराच्या सुमाराला. तो गिऱ्हाईक घेऊन निघालेला असायचा, कंपनीचा फोन समजून कट करायचा. ती मला म्हणाली, "ताई, फोन येतो म्हणतात, मी एकदाही ऐकला नाही." तिच्याकडे फोन होता अशीच तिची नोंद होती.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई गावी जाते, कुणी कोकणात, कुणी बीडला, कुणी थेट उत्तर प्रदेशात. तिथे भाऊ नवीन सिम घालून देतो आणि मुंबईत नोंदवलेला नंबर बंद. ज्या महिन्यांत फोन सगळ्यात गरजेचा, नेमका तेव्हा. काही सेवांनी यावर विचार केलाय. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या 'अरमान' या संस्थेच्या 'एममित्र' या फोनवरून माहिती देणाऱ्या सेवेत फोनची वेळ बाईलाच निवडता येते. हे फार शहाणपणाचं आहे. तरी निवडलेल्या वेळेलाच नळाला पाणी आलं तर बाई हंडा भरेल, फोन वाजत राहील.

आता "संशोधनाने सिद्ध झालंय". इथे मला खरोखर राग आला, कारण संशोधन काय सांगतं ते उघड आहे. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण ७२ ध्वनिसंदेश. देशातली अशा प्रकारची ही फार मोठी सेवा. तिची चाचणी मध्य प्रदेशात सुमारे पाच हजार बायकांवर झाली आणि निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत बायका वाटल्या, एका गटाला फोन, दुसऱ्याला नाही. सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पाळणा लांबवण्याची साधनं वापरण्यात थोडी वाढ दिसली. मृत्यू कमी झाले का, हे मोजायला पाच हजार बायका पुरतच नाहीत, तो या चाचणीचा प्रश्नही नव्हता. मग "मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालंय" कुठून आलं?

आपल्या राज्यातले आकडेही बघा. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. किलकारी महाराष्ट्रात आली २०२४ मध्ये. म्हणजे मोठी घट राज्यभर असा फोन वाजायच्या आधीच झाली होती. ती झाली दवाखान्यातल्या बाळंतपणांनी, रक्तपेढ्यांनी, १०८च्या गाडीने, गावोगावच्या आशा सेविकांनी. याचं श्रेय ॲपच्या खात्यात टाकणं त्या सगळ्यांवर अन्याय आहे.

फोन निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. लाल गोळ्या का घ्यायच्या, कोणत्या त्रासाला घरी थांबायचं नाही, हे सासूच्या कानावरही पडतं, आणि सासूच्या कानावर पडणं आपल्याकडे अर्धं काम असतं.

एआय धोका आधीच ओळखतं, या मुद्द्याला फार वेळ लागायचा नाही. मुंबईच्या याच एममित्र सेवेत गूगलच्या संशोधकांबरोबर सुमारे २३ हजार बायकांवर एक प्रयोग झाला. त्यात संगणकाने ओळखलं ते एवढंच, की कोणती बाई फोन ऐकणं सोडण्याच्या बेतात आहे. कुणाचं बीपी वाढेल, कुणाला अंगावरून जास्त जाईल, हे नव्हे. नावं निघाल्यावर त्या बायकांना फोन केला तो माणसांनी, आरोग्य कार्यकर्त्यांनी. ऐकणं सुटण्याचं प्रमाण त्यामुळे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. प्रयोग चांगलाच आहे. कार्यकर्त्या थोड्या, बायका हजारो, मग आधी कुणाला गाठायचं हे यंत्राने सांगितलं. मजकुरात याचा अर्थ नेमका उलटा लावलाय. त्या प्रयोगातून कार्यकर्ती काढली तर हाती उरते नुसती यादी.

सगळ्यात घातक मुद्दा चौथा: मुंबईत दवाखाने आहेत, कमी आहे ती माहितीची.

या शहरात हे तपासून झालंय. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू करणाऱ्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था काढली. मुंबईच्या ४८ वस्त्यांत स्नेहाने एक मोठी चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. निम्म्या वस्त्यांत बायकांचे गट बांधले, नियमित बैठका घेतल्या, गरोदरपण आणि बाळाच्या काळजीवर चर्चा केल्या. तीन वर्षं. बाळांचे मृत्यू त्यामुळे कमी झाले नाहीत. साधारण अशाच गटांनी झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागांत नवजात बाळांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी खाली आणले होते, ते निष्कर्ष २०१० चे. फरक कशाचा? माझं वाचन असं: तिकडे बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची, त्यामुळे स्वच्छ हात, स्वच्छ ब्लेड, बाळाला गुंडाळणं एवढ्यानेही जीव वाचत होते. मुंबईत बहुतेक बायका आधीच दवाखान्यात पोचत होत्या. अडचण दाराच्या आत होती. आपल्या हाती यश लागलं नाही हे स्नेहाने लपवलं नाही, जगापुढे मांडलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दाराच्या आतली एक रात्र सांगते. रात्री एकच्या सुमारास साडेआठ महिन्यांची बाई रिक्षातून उतरली. तोंडावर सूज, डोकं गच्च धरलेलं. प्लास्टिकच्या पिशवीत फाईल, सोनोग्राफी, सगळे कागद नीट. बीपी १७० वर ११०. ती फोनवरचे संदेश ऐकणारी होती. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं नाही, हे तिला पाठ होतं आणि तिने ते तंतोतंत केलं होतं. माहितीने आपलं काम पुरं केलं होतं. त्यापुढचं ऐका. रात्री आमच्याकडे भूलतज्ज्ञ नव्हता. मॅगसल्फ होतं, म्हणजे वाढलेल्या बीपीमुळे येणारे झटके (फिट) रोखणारं इंजेक्शन. दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम दिलं, आणि झटका आला तर जीभ चावू नये म्हणून उशाशी बसून राहिले. गाडी पाऊण तासाने आली. पहिल्या मोठ्या रुग्णालयात खाट नव्हती, दुसऱ्यात घेतली. बाई वाचली. बाळ अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं.

त्या रात्री तिचा जीव राखला तो औषधाने. मॅगसल्फने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या चाचणीने २००२ मध्येच दाखवलंय. या विषयात तीन उशीर मोजतात: घरात निर्णयाला होणारा, वाटेत होणारा आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचाराला होणारा. फोन फार तर पहिल्याला हात घालतो. माझ्या अठ्ठावीस वर्षांत मुंबईच्या बायकांना दुसऱ्या आणि तिसऱ्याने जास्त छळलं.

तिसऱ्या उशिरावर उपाय असतो आणि तो साधाही असू शकतो. बाळंतपणात बाईखाली अंथरायचं, खुणा असलेलं प्लास्टिकचं एक कापड घ्या. रक्त किती गेलं ते त्यात डोळ्यांना दिसतं, सिस्टरला अंदाज बांधावा लागत नाही, आणि ठरलेले सगळे उपाय एकदम सुरू करता येतात. आफ्रिकेतल्या चार देशांच्या ८० रुग्णालयांत ही पद्धत तपासली. जबर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने मृत्यू येणं, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं, असे २०२३ चे निष्कर्ष आहेत. आम्ही वर्षानुवर्षं कपड्यांचे बोळे बघून अंदाज करायचो. तो अंदाज नेहमी कमीच निघायचा.

राहिला शेवटचा मुद्दा, आरोग्य सेविका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि इंजेक्शन देणं शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि पुढे २०११ पासून देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट.

तिसऱ्या दिवशी नेमकं काय होतं ते बघायला मी मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या एका आरोग्य सेविका ताईबरोबर गेले होते. माळ्यावरची खोली, शिडी चढून वर. ताईने आधी हात धुतले. बाळाचे तळवे आपल्या हाताच्या पाठीने चाचपले, ते गार होते. पंखा बंद करायला लावला, बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दोघांना गोधडी घातली. मग आईला विचारलं, "कपडा किती भिजतो?" आई गप्प. सासू म्हणाली, "बरं आहे तिचं." ताईने सासूला पाणी आणायला खाली धाडलं आणि परत तोच प्रश्न हळू आवाजात विचारला. तेव्हा ती बोलली, काल रात्रीपासून तासाला एक कपडा भिजतोय. ताईने तिथूनच गाडीला फोन लावला, माझ्या मोबाईलवरून, कारण तिच्या मोबाईलचं रिचार्ज संपलं होतं आणि मानधन दोन महिने आलं नव्हतं.