पाहुणी, संस्कार आणि पेंग्विन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सिंगापूरच्या वाचनालयांनी २०१४ साली, मी तिथे राहत असताना, एका वाचकाच्या तक्रारीवरून मुलांच्या विभागातून काढलेल्या तीन पुस्तकांबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यातलं, मिळून पिल्लू वाढवणाऱ्या दोन नर पेंग्विनचं 'अँड टँगो मेक्स थ्री' मराठी घरांतही वाचलं जावं, असंही म्हटलं होतं. त्याखाली 'एक पालक' या नावाने आलेली ही प्रतिक्रिया :

"ताई, मीही तेव्हा सिंगापुरातच होतो. आपण तिथे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरच्या भांडणात नाक खुपसू नये, एवढे तरी संस्कार असावेत. ते पेंग्विनचं पुस्तक म्हणजे अमेरिकेचं फॅड, गोड चित्रांआडून मुलांच्या गळी उतरवायचं. त्यातला सायलो पुढे मादीबरोबर गेला, ते तुम्ही सांगितलंच नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं कशाला? आणि एखाद्या पालकाने तक्रार केली तर बिघडलं काय?"

खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन विषय संपवणार होते. पण ते संस्कारांचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते. सायलो पुढे स्क्रॅपी नावाच्या मादीबरोबर राहू लागला हे खरं आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी, २००५ मध्ये, ती बातमीही आली. लेखात तिचा उल्लेख आला असता तरी चाललं असतं. पण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलोने अंड्यासारखा दगड उबवायला घेतला, तिथे पेंग्विनची देखभाल करणाऱ्या ग्रॅम्झेंनी दुसऱ्या जोडीचं खरं अंडं त्यांच्या घरट्यात ठेवलं आणि त्यातून टँगो जन्मली, यातलं काहीच त्या बातमीने खोटं ठरत नाही. नवरा-बायको पुढे वेगळे झाले म्हणून त्यांनी वाढवलेलं मूल कुणी खोटं म्हणत नाही.

आता पाहुण्याचं बघू.

'ताई' म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच दमात संस्कार काढायचे, ही रीत मला चांगली ओळखीची आहे. पुस्तक पटलं नसेल तर 'पटलं नाही' एवढं म्हटलं की पुरतं. त्यासाठी समोरच्या बाईला वाढवणाऱ्या माणसांपर्यंत जायची काही गरज नव्हती. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरच्यांना तर नाहीच नाही.

पाहुणी कशी हो? नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहिलो. घरभाडं भरलं, कर भरला, मुलगी तिथल्याच बालवाडीत गेली. परदेशी नागरिकाला तिथल्या वाचनालयाची वर्षाची फी भरावी लागायची, तीही मी भरत होते. पाहुण्याकडून कुणी फी घेत नाही. मुलांच्या त्या विभागातून आम्ही दर शनिवारी पिशवी भरून पुस्तकं आणायचो. माझ्या मुलीच्या कपाटातून पुस्तक गेलं, तेव्हा ते भांडण माझ्याही घरात आलं होतं.

आणि मी असं केलं तरी काय? १३ जुलैच्या रविवारी व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय वाचनालयात पुस्तकं काढल्याच्या निषेधात सुमारे चारशे माणसं पोराबाळांना घेऊन जमली आणि खाली बसून पुस्तकं वाचू लागली. त्यांत मी होते. माझ्या हातात फलक नव्हता की तोंडात घोषणा नव्हती. फरशी गारठलेली होती म्हणून मुलीला ओढणीवर बसवलं आणि हेच पुस्तक वाचून दाखवलं. दोन्ही पेंग्विन नर आहेत याचं तिला काही वाटलं नाही. तिचा सगळा जीव त्या दगडात अडकला होता. "त्यांना कुणी सांगितलं कसं नाही, हा दगड आहे म्हणून?" परतताना गाडीतसुद्धा तिचं तेच चालू होतं. वाचनालयात बसून स्वतःच्या मुलीला पुस्तक वाचून दाखवणं तुमच्या लेखी नाक खुपसणं असेल, तर ते मी केलं आणि पुन्हाही करेन.

तुम्हीही तेव्हा तिथेच होतात म्हणता. मग यजमानांच्या घरात काय चाललं होतं, तेही तुम्ही पाहिलं असेल. ओविडिया यू ही तिथलीच लेखिका. तिने सिंगापूर लेखक महोत्सवाच्या समितीचा राजीनामा दिला. सिंगापूर साहित्य पुरस्काराच्या तीन परीक्षकांनी राजीनामे दिले. त्या फरशीवर माझ्या अवतीभोवती बसलेले बहुतेक आईबाप तिथलेच नागरिक होते. यांना कुठले संस्कार नव्हते म्हणायचं? तुम्ही एका बाजूला यजमान म्हणता आणि दुसऱ्या बाजूला त्याच घरातल्या माणसांना मोजतच नाही. ज्या कलमाच्या आधाराने तिथे पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरत होते, ते ३७७-अ कलम तिथल्या संसदेनेच २०२२ मध्ये रद्द केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना आपल्याकडच्या तशाच ३७७ कलमातून मोकळं केलं होतं. ही दोन्ही कलमं इंग्रजांनी लादलेली. तेव्हा कोणाच्या घरच्या रीतीसाठी तुम्ही एवढे हळवे झालात, ते मला खरोखर कळलेलं नाही.

संस्कारांचा विषय तुम्हीच काढलात, तर तेही ऐका. मी वाईला वाड्यात वाढले. माडीवरच्या दोन खोल्यांत दोघी शिक्षिका राहायच्या. अख्खा वाडा त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणायचा. लग्नं दोघींनीही केली नव्हती, नात्यानेही त्या एकमेकींच्या कुणी नव्हत्या. त्यांचं आपसात काय होतं मला माहीत नाही. आजी चौकशी करणाऱ्यांतली नव्हती आणि आमच्यापैकी कुणाची विचारायची हिंमत नव्हती. दिवाळीचा फराळ वाटताना मात्र प्रत्येक घराचा एक डबा असायचा आणि त्यांचाही एकच असायचा. खाली लाडू, वर कागद, कागदावर चकल्या. तो माडीवर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं.

धाकट्या बाई गेल्या तेव्हा त्यांचे भाऊ आले, सगळं आटोपून संध्याकाळच्या एसटीने परत गेले. आजीने चूल पेटवली, पिठलं-भात केला आणि झाकून माडीवर थोरल्या बाईंकडे पाठवला. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात पिठलं-भात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी ते घर कोणाचं होतं, हे माझ्या चौथी शिकलेल्या आजीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तेराव्यापर्यंत वाड्यातल्या बायका आळीपाळीने थोरल्या बाईंच्या सोबतीला झोपायला जात होत्या, आणि त्यांत स्वतःला भलत्या सोवळ्या समजणाऱ्याही होत्या. माझ्यावर झालेले संस्कार हे आहेत. सिंगापूरच्या फरशीवर मी जे पुस्तक उघडलं, ते मला अजिबात परकं वाटलं नाही. त्या दोघींची गोष्ट मला लहानपणी कुठल्याच पुस्तकात भेटली नव्हती. भेटली असती तर मी त्यांच्याशी जरा वेगळं बोलले असते, असं आज वाटतं.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेचं फॅड म्हणत असाल, तर अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षं सर्वाधिक आक्षेप याच पुस्तकावर होते. म्हणजे पुस्तक जसं तिथून आलंय, तसा तुमचा आक्षेपही तिथूनच आलाय. पाच वर्षांच्या मुलाला कशाला, याचं उत्तर मूळ लेखात दिलंय, ते पुन्हा लिहीत बसत नाही.

तक्रार केली तर बिघडलं काय, म्हणता. तक्रार जरूर करावी. पण एका वाचकाचा ई-मेल गेला आणि तेवढ्यावर सगळ्यांचीच पुस्तकं काढून लगदा करायची ठरली, यात तुम्हाला काहीच खटकत नाही? तुमच्या मुलाने काय वाचावं ते तुम्ही ठरवा, मी तुमच्या घरी येऊन त्याच्या हातात काही देणार नाही. १८ जुलैला मंत्री याकूब इब्राहिम यांनी दोन पुस्तकं प्रौढांच्या विभागात ठेवायला सांगितली. एक पेंग्विनचं. दुसरं चीनमधून मुली दत्तक घ्यायला निघालेल्या चार कुटुंबांचं, त्यांतल्या एका घरात दोन बायका आहेत, बस्स. तिसरं मात्र तोवर लगद्यात गेलं होतं. भाऊबहीण प्राणिसंग्रहालयात फिरताना तऱ्हेतऱ्हेची कुटुंबं बघतात, एवढीच त्यात गोष्ट. आजीबरोबर राहणारं मूल, एकट्या आईचं मूल, सगळी त्यात होती. ती सगळी त्या एका तक्रारीपायी गेली. तुमचा त्यांच्यावरही आक्षेप होता का? प्रतिक्रियेत तसं दिसत नाही. पण गेली तर तीही.

शेवटी एक विचारते. तुम्ही हे पुस्तक उघडून पाहिलंय का? तुमच्या प्रतिक्रियेत पुस्तकातली एकही गोष्ट नाही. सायलोचं तर पुस्तकाबाहेरचं आहे, बातमीतलं. मोजून बत्तीस पानं आहेत, चहा निवायच्या आत वाचून होतात. ती वाचा आणि नेमक्या कुठल्या पानावर, कुठल्या ओळीला तुमची हरकत आहे ते लिहा, त्यावर मी नक्की बोलेन. तुमची ही प्रतिक्रिया आहे तशीच राहील, मी ती काढणार नाही. मात्र यापुढे माझ्या घरच्यांचे संस्कार काढणारी एकही प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही, मग ती तुमची असो की आणखी कुणाची.