किट घ्यायला नवराच का येतो?

सांगलीत मेडिकल चालवते म्हणून सांगते, ‘ते’ किट, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट, मागायला बाई स्वतः क्वचितच येते. येतो नवरा. कधी दीर, कधी नवऱ्याचा मित्र. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर आधी डोकेदुखीची गोळी मागतो, मग उगाच फ्रीजकडे बघत उभा राहतो. गर्दी ओसरली की काउंटरवर वाकून हळूच, “वहिनी, ते खाली करायचं किट हाय का?” चिठ्ठी मागितली की मोबाईल पुढे येतो. त्यात कुणीतरी आधी वापरलेल्या पाकिटाचा फोटो. “ह्येच पायजे.” किती दिवस झाले विचारलं तर “महिना-दीड महिना असंल.” तिचं रक्त किती आहे, आधी सिझर झालंय का, दमा आहे का, रक्तगट कोणता, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नसतं. जिला उत्तरं माहीत आहेत ती घरी भाकऱ्या थापत असते.

मी चिठ्ठीशिवाय देत नाही. पण नुसतं “नाही” म्हणून पाठवलं तर तो पुढच्या चौकात जाणार हेही मला माहीत आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. ज्यांना हा विषय फेसबुकवर नको वाटतो त्यांनी पुढे सरकावं, माझं काही म्हणणं नाही.

या विषयावर आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक, या गोळ्यांवर बंदीच घाला, यामुळे मुली मारल्या जातात. दुसरा, कसली चिठ्ठी नि कसलं काय, ७२ तासांच्या गोळीसारखं उघड विका. मला दोन्ही पटत नाहीत.

आधी तो ७२ तासांचा घोळ. ती गोळी संबंधानंतर लवकरात लवकर घ्यायची असते, गर्भ राहूच नये म्हणून. ती चिठ्ठीशिवाय मिळते. गर्भ राहिल्यावर तिचा काही उपयोग नाही. पाळी चुकून पंधरा दिवस झाल्यावर तीच गोळी न्यायला येणारे शिकलेसवरलेले लोक मी बघितलेत. आणि उलटंही होतं, कालच्या रात्रीसाठी आज गर्भपाताचं किट मागणारे. दोन्ही औषधं वेगळी, कामं वेगळी.

किटमध्ये पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोन, २०० मिलिग्रॅमची. चार मिसोप्रोस्टॉल, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं काम थांबवते. दुसऱ्या चार पिशवीला कळा आणतात, मग रक्तस्राव होऊन पिशवी रिकामी होते. ही मिसोप्रोस्टॉल मुळात पोटातल्या अल्सरची गोळी, म्हणून काही ठिकाणी ती सुटी मिळते आणि नुसत्या त्याच चार देऊन बोळवण केली जाते. दोन औषधांमध्ये साधारण ३६ ते ४८ तासांचं अंतर ठेवायचं असतं, आणि चार गोळ्या कशा ठेवायच्या, जिभेखाली, गालात की योनीमार्गात, ते डॉक्टर सांगतात. “पाचही एकदम पाण्याबरोबर गिळल्या, लवकर सुटावं म्हणून” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आश्चर्य वाटत नाही. गुण येत नाही म्हणून दुसरं किट घेणारेही आहेत. आणि अर्ध्यात विचार बदलला, ठेवूया म्हटलं, तर मिसोप्रोस्टॉलने वाढत्या गर्भात व्यंग येऊ शकतं. म्हणजे निर्णय पक्का झाल्यावरच पहिली गोळी.

दिवस मोजण्यात सगळ्यात मोठी गफलत होते. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी २८ दिवसांची आणि दहा दिवस चुकली, तर गर्भ ‘दहा दिवसांचा’ नसतो, ३८ दिवस धरायचे. आपल्याकडे हे किट ६३ दिवसांपर्यंत, म्हणजे नऊ आठवड्यांपर्यंत वापरायला मान्यता आहे. त्यामुळे “अजून वेळ आहे” म्हणता म्हणता वेळ जातो. अंगावर पाजणाऱ्या बाईला तर पाळी सुरू होण्याआधीच दिवस जाऊ शकतात, तिला तारीखच नसते. अशा वेळी सोनोग्राफी करावीच.

आता ज्या गोष्टीमुळे मी चिठ्ठीवर अडून बसते ती. आमच्या ओळखीतल्या एका कामगाराने बायकोसाठी कुठून तरी किट आणलं. माझ्याकडचं नव्हतं, पण तो मुद्दा नाही. गोळ्या घेतल्या, थोडं अंगावरून गेलं, झालं म्हणून दोघं निवांत. आठवड्याने ती मोरीत भांडी घासताना चक्कर येऊन पडली. पोट लाकडासारखं कडक, खांद्यात कळ, हातपाय गार. मिरजेला नेलं. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत होता आणि नळी फुटली होती. ऑपरेशन झालं, रक्ताच्या बाटल्या लागल्या, वाचली. या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. पण पिशवीचं अस्तर सुटून थोडं रक्त जातं आणि बाईला वाटतं काम झालं. शंभरातल्या एक-दोन गर्भधारणा अशा पिशवीबाहेर असतात. डॉक्टर तपासतात, एका बाजूला दुखतं का विचारतात, शंका आली की सोनोग्राफी सांगतात, ते याच्यासाठी. मी काउंटरवरून नवऱ्याच्या तोंडाकडे बघून हे कसं ओळखू?

दुसरं, रक्त. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. ऊसतोडीला जाणाऱ्या, पहाटे उठून दोन फडके बांधून निघणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन सात असेल आणि तिने घरी गोळ्या घेतल्या, तर तेवढा रक्तस्राव तिला झेपेल का? बारा असलेलीला जे सहज निभावतं ते हिला जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल, तांबी आत बसलेली असेल, तर आधी डॉक्टरांना ते कळायलाच हवं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या खेपेला बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) लागतं का तेही डॉक्टरच ठरवतात.

बंदी मागणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, नऊ आठवड्यांच्या आत पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळत नाही. लिंग बघून पाडणारे त्याच्या बऱ्याच पुढे, चौथ्या-पाचव्या महिन्यात पाडतात. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, म्हैसाळला, गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. ती आठवण सांगलीकर विसरणार नाहीत, विसरूही नये. पण ती पाप करणारी माणसं किटच्या पाच गोळ्यांवर चालत नव्हती. २०१२ च्या परळीतल्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर आणि पुन्हा म्हैसाळनंतर तपासण्या वाढल्या, नोंदी मागितल्या जाऊ लागल्या. गर्भलिंगनिदानाचा कायदा वेगळा, गर्भपाताचा कायदा वेगळा, पण धाक एकाचा आणि गळचेपी दुसऱ्याची असं झालं. कितीतरी दुकानदारांनी किट ठेवणंच बंद केलं. कोण नसती झंझट घेईल? म्हणजे रीतसर चिठ्ठी घेऊन येणारी बाई रिकाम्या हाताने परत जाते, आणि मागच्या दाराने दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन विकणाऱ्याचं मात्र फावतं. त्याला ना बिल, ना बॅच नंबर, ना एक्सपायरी बघायची गरज.

लपूनछपून किती चालतं याचा अंदाज हवा असेल तर २०१५ सालच्या आकडेवारीवर झालेला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. देशात वर्षाला १ कोटी ५६ लाख गर्भपात, आणि त्यातले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. हे सगळे जिवावर बेतत नाहीत हेही खरं. औषधं चांगली आहेत, दिवसात आणि नीट घेतली तर शंभरात पंचाण्णवच्या वर बायकांचं काम यानेच होतं. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की बरोबर माहिती, चांगल्या दर्जाचं औषध आणि गरज पडली तर दवाखाना, एवढं असेल तर बारा आठवड्यांच्या आत बाई घरीही हे करू शकते. उघड विका म्हणणारे हेच वाक्य तोंडावर फेकतात. अहो, त्या तीन अटी बघा की. माहिती बाईला द्यायची आहे, आणि माझ्या काउंटरवर बाईच नाही!

कायदा काय म्हणतो ते बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलंच नसतं. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने मान्य आहे. २०२१ ची दुरुस्ती झाल्यापासून २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, काही विशिष्ट परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मताने २४ पर्यंत. साधन फसलं हे कारण आता अविवाहितेलाही चालतं. बाई अठरा वर्षांची असेल तर सही फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, फोडलं तर शिक्षा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालं-न झालं हा भेद चालणार नाही असं स्पष्ट केलं. आणि हो, हा अधिकार पुरेशी पदवी आणि अनुभव असलेल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरलाच आहे. गल्लीतल्या ‘आमचे डॉक्टर’ नावाच्या प्रत्येकाला नाही. सरकारी रुग्णालयात हे मोफत होतं.

आता कागदावरचं आणि खरं यात अंतर किती? माझ्या एका मैत्रिणीची मुलगी एका दवाखान्यात गेली, नाव घेत नाही. रिसेप्शनवरच मोठ्याने, “मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल.” बाकीच्या सगळ्या माना वळल्या. ती पोरगी उठून बाहेर आली ती थेट घरी. नंतर दुसरीकडे तिचं काम व्यवस्थित झालं, पण मधले आठ दिवस गेले. नऊ आठवड्यांच्या हिशोबात आठ दिवस थोडे असतात का? डॉक्टर मंडळींना हात जोडून सांगते, तुमच्या रिसेप्शनवर बसणाऱ्या पोरीला आवाज खाली ठेवायला शिकवा. किट काळ्या बाजारात विकणारा तेवढं एक नीट करतो, तो आवाज खाली ठेवतो.

ज्यांनी डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्यात त्यांच्यासाठी थोडं. मिसोप्रोस्टॉलच्या दिवशी थंडी वाजते, थोडा ताप येतो, जुलाब-उलटी होते, पोटात पाळीपेक्षा जोरात कळा येतात. गाठी पडतात. हे अपेक्षित असतं. दुखण्यावर आयबुप्रोफेन चांगलं काम करतं, नुसत्या पॅरासिटामॉलने फारसं भागत नाही, पण ॲसिडिटी किंवा दमा असेल तर आधी विचारा. त्या दिवशी सुट्टी घ्या, घरात कुणीतरी मोठं माणूस असू द्या, एकटीने कोंडून घेऊ नका. रक्तस्राव पुढे आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, थोडाथोडा चालू राहतो. पण तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास झालं, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. चोवीस तास उलटूनही ताप उतरत नसेल, अंगावरून घाण वास येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, खांद्यात किंवा एका बाजूला असह्य दुखत असेल, तरी तसंच. आणि उलट, चार गोळ्या घेऊन चोवीस तासांत काहीच गेलं नाही तर तेही डॉक्टरांना कळवायचं. दवाखान्यात गेल्यावर काय घेतलं ते खरं सांगा. लपवल्याने उपचाराचा वेळ जातो.

पंधराव्या दिवशी तपासायला जायचं म्हणजे जायचंच. बरं वाटतंय म्हणून बहुतेकजणी हीच फेरी टाळतात. आणि घरी लघवीचं कार्ड आठव्या दिवशी लावून दोन रेघा दिसल्या म्हणून रडत बसू नका, ते तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं. मात्र पुढची पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस राहू शकतात. सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळ्या आहेत, तांबी आहे, सगळं फुकट. निरोध तर माझ्या काउंटरवर समोरच लटकतोय. किट मागायला येणाऱ्या किती दादांनी आजवर त्याच्याकडे हात केला, ते विचारू नका.

माझ्या दुकानदार भावांनो, चिठ्ठी असेल तर किट द्या, नोंद ठेवा, पक्कं बिल करा. कायद्याचं औषध कायद्याने विकायला कसली भीती? चिठ्ठी नसेल तर नुसतं “नाही” म्हणू नका, जवळचं सरकारी रुग्णालय सांगा. मी एका कागदावर सिव्हिलचा पत्ता, बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि ‘शेवटच्या पाळीची तारीख सोबत सांगा’ एवढं लिहून झेरॉक्स काढून ठेवलंय. नवऱ्याच्या हातात तोच कागद देते आणि म्हणते, “हे वाचून तिला घेऊन जा.” काही जण कागद चुरगाळून दारातच टाकतात. काही जण घडी करून खिशात ठेवतात.

कमेंटमध्ये शिव्या आल्या तर उडवणार आहे. आणि इनबॉक्समध्ये “वहिनी, किट कुरिअर कराल का” असं कृपया विचारू नका. या पोस्टनंतर ते नक्की येणार.