गिअरबॉक्सचा ताप

आमच्या घरात सध्या ताप एकाचाच मोजला जातो, माझ्या 2001 सालच्या पिकअपच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. पोरगं शिंकलं तरी बायको म्हणते, "थांब रे बाळा, बाबांचं आधी ट्रकचं बघून होऊ दे."

आम्ही राहतो फिनिक्सला, ॲरिझोनात. उन्हाळ्यात 110 फॅरनहाइट म्हणजे आपलं 43, आणि त्याचं इथे कुणाला काही वाटत नाही. पिकअप स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि तुमच्याकडे पिकअप आहे म्हटलं की गावभरचे सोफे तुमचे होतात, म्हणजे उचलण्यापुरते.

तर जूनमध्ये मराठी ग्रुपची फ्लॅगस्टाफला कॅम्पिंगची टूम निघाली आणि सामान अर्थातच माझ्याकडे. मागे ट्रेलर, त्यात तंबू, गॅसची शेगडी, चाळीस माणसांच्या भाताचा टोप, आणि एका काकूंची आरामखुर्ची, का ते विचारायची हिंमत कुणात नव्हती. फिनिक्स 1,100 फुटांवर, फ्लॅगस्टाफ जवळजवळ 7,000 वर, म्हणजे आय-17 हायवेने दोन-अडीच तासात महाबळेश्वरच्या दीडपट उंची गाठायची. ब्लॅक कॅनियन सिटी मागे पडलं आणि चढ लागला तसा गिअरबॉक्स चौथ्यात जाई, परत तिसऱ्यात येई, परत चौथ्यात, साडीच्या दुकानात बसल्यासारखं काही ठरेचना. मग करपल्याचा वास आला. मला आधी काकूंच्या डब्यावरच संशय आला.

सनसेट पॉइंटच्या रेस्ट एरियात थांबलो. इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काढली. हे तेल कोकम सरबतासारखं लाल असावं लागतं, माझं चार वेळा उकळलेल्या चहासारखं. साताऱ्याला बाबांना फोन लावला, ते एसटीत ड्रायव्हर होते, खंबाटकी चढून केस पांढरे केलेले. म्हणाले, "रेडिएटरवर ओलं पोतं टाक आणि चहा घे." म्हटलं, बाबा, ही ऑटोमॅटिक आहे. "मग आपोआप थंड हो म्हणावं तिला!"

नंतर एका म्हाताऱ्या मेकॅनिकने समजावलं. क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, म्हणजे समोरासमोर दोन पंखे, एक इंजिन फिरवतं आणि दुसरा त्याने ढकललेल्या तेलाने फिरतो. सपाटीवर दोघं लॉक होतात, चढावर ओझं असलं की लॉक सुटतो, पहिला पळतो, दुसरा मागे राहतो, आणि मधलं तेल नुसतं घुसळून तापतं (आमच्या ग्रुपची मीटिंग अगदी अशीच चालते). 175 फॅरनहाइटच्या आसपास तेल सुखात असतं, 240 च्या वर गेलं की करपायला लागतं. बरं, ते थंड व्हायला जातं कुठे, तर इंजिनच्याच रेडिएटरमध्ये, म्हणजे तापलेल्या माणसाने तापलेल्याच्या मांडीवर डोकं ठेवायचं.

म्हणून चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे तो चौथा गिअर, बंद ठेवायचा, म्हणजे गिअरबॉक्स तिसऱ्यातच गप बसतो. आणि जीवावरच बेतलं तर हीटर लावायचा. हो, हीटर, 43 डिग्रीत! इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. परतताना मधल्या चढावर मी तो लावला, तेव्हा काकू दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत म्हणजे काय ते ग्रुपला विचारा.

शेवटी नवं तेल भरलं, टेंपरेचरचा गेज लावला आणि पुढे जाळीमागे वेगळा कूलर बसवला. आता चढावर पण काटा 180 च्या पुढे सरकत नाही, बघून डोळे निवतात. फक्त झालंय असं की हा कूलर एसीच्या कंडेन्सरच्या बरोब्बर पुढे येतो, त्यामुळे गिअरबॉक्सची सगळी वाफ आधी एसीवर जाते आणि एसी नुसताच आवाज करतो. परवा बायकोने वाकून काटा बघितला.

"ह्याचा ताप उतरला ना? मग आता काच खाली घे, मला चढतोय."